टिप्परला रिमोट ऑईल फिल्टर बसवू का नको?

टिप्परवाला_साखळी
नमस्कार मंडळी. वर्षभर नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

गाडी टाटाची सहाचाकी टिप्पर, इंजिन कमिन्सचं ५.९ लिटर सहा सिलिंडर टर्बो (म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा असलेलं), बाबांनी घेतलेली. २०१२ ला गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हा एकदा आणि मार्च २०१८ नंतर दुसऱ्यांदा, अशी घरामागे काजूखाली उभी होती, दुसऱ्या वेळी तर फाळक्यावर वेल चढलेले. आता खनिजाची वाट न बघता चिरे, खडी, जे भाडं मिळेल ते मारतो. सध्या पावसामुळे काम थंड आहे म्हणून गाडी उभी करून दुरुस्त्या काढल्यायत.

तर मुद्दा असा. या इंजिनला ऑईल फिल्टर टर्बोच्याच बाजूला खाली लटकतो. माझ्या गाडीत आधीच्या कुठल्यातरी मेस्तने (मेकॅनिकने) पाईप, वायरी, एक पट्टी असं काय काय त्याच्यासमोरून नेलंय की हातच जात नाही, पट्ट्याचा पाना लावला की फिरवायला जागा नाही, दर वेळी फिल्टर चेपतो, तेल कोपरापर्यंत येतं आणि अर्धा लिटर तरी मातीत. मागच्या खेपेला घाईत गरम असतानाच काढला, मनगट भाजलं, डाग अजून आहे.

ओळखीतल्या एकाने रिमोट फिल्टर सुचवला. म्हणजे इंजिनवर फिल्टरच्या जागी ब्लॉक बसवायचा, त्यातून दोन होज काढायचे आणि फिल्टर न्यायचा चासीवर, बॅटरीच्या बाजूला. उभ्याउभ्या बदलायचा, हात पण काळे नाहीत. वर म्हणतो दोन फिल्टरचं हेड (फिल्टर ज्यावर आट्यांनी बसतात तो ठोकळा) लाव, तेल जास्त मावेल, थंड राहील, एका बदलात दुप्पट किलोमीटर जाशील. हेड आणि ब्लॉक मी घेऊन पण ठेवलाय (सेकंडहँड, स्वस्तात मिळाला, मोह आवरला नाही). होज बाकी आहेत.

बसवू का नको? कोणी बसवलाय का?

डिझेलधूर
बिनधास्त बसव. माझ्या जुन्या जीपला आठ वर्षं आहे, एक थेंब गळत नाही. फिल्टर बदलायला पाच मिनिटं, शर्ट पण खराब होत नाही. लोक उगाच घाबरवतात.

मेस्त_तिस्क
डिझेलधूर, तुझी जीप रविवारी काब द रामला जाते आणि सोमवारी ताडपत्रीखाली झोपते. त्याची गाडी दहा टन घेऊन खड्ड्यातून चालते. दोन्हीला एकच औषध कसं चालेल.

साखळीवाल्या भावा, राग मानू नकोस पण तू सांगितलेलं दुखणं एक आणि औषध भलत्याचंच. हात जात नाही हे दुखणं. ते पट्टी आणि वायरीमुळे झालंय, तूच लिहिलंयस. मग फिल्टर का हलवायचा, पट्टी हलव की.

आता रिमोट का नको ते सांगतो. कंपनीने फिल्टर इंजिनला चिकटवून ठेवला त्यात गळायची जागा किती, एक गास्केट (गळू नये म्हणून रबराची कडी). तू दोन होज घातलेस की ब्लॉकचं गास्केट, ब्लॉकवर दोन जोड, हेडवर दोन जोड, हेडवर फिल्टरची गास्केटं वेगळी, आणि मध्ये दोन रबरी नळ्या ज्यातून इंजिनचं सगळं, परत सांगतो सगळं, तेल जातं. एक नळी फुटली की पंप चेंबरमधलं (इंजिनच्या तळातल्या तेलाच्या टाकीतलं) तेल रस्त्यावर ओततो आणि तो हळू ओतत नाही. त्यात तुझा फिल्टर आहे टर्बोच्या बाजूला, म्हणजे होज तिथूनच निघणार. फुटलेल्या होजचं तेल लालबुंद टर्बोवर उडालं तर इंजिन राहू दे, केबिन वाचव.

एक पाहिलेली गोष्ट. मोल्याच्या पुढे घाटात एक गाडी आडवी लागलेली, आम्हाला बोलावणं आलं. होज चासीच्या कडेला घासत होता, लावताना दोन बोटं अंतर होतं म्हणे, पण इंजिन माऊंटिंगवर हलतं आणि चासी हलत नाही हे लावणाऱ्याने धरलंच नव्हतं. घासून घासून वरचं रबर गेलं, मग आतली जाळी, मग एक पिन जाईल एवढं भोक. ड्रायव्हरला तेलाच्या प्रेशरचा दिवा दिसला. तो म्हणाला चढावर कुठे थांबू, पुढच्या वळणाला जागा आहे तिथे घेतो. वळण चारशे मीटरवर असेल. आम्ही चेंबर खोललं तेव्हा बेअरिंगचे शेल (पातळ वाट्या) क्रँकला, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याला, असे चिकटलेले की पान्याच्या टोकाने खरवडून काढावे लागले. क्रँक निळी पडलेली. चारशे मीटर.

डिझेलधूर
मेस्त, असं बघायला गेलं तर ब्रेकचा होज पण फुटू शकतो, म्हणून ब्रेक काढून टाकू का?

मेस्त_तिस्क
ब्रेक लागतो म्हणून होज सोसतो. हा होज कशासाठी सोसायचा, शर्टासाठी?

टिप्परवाला_साखळी
दोघांनाही देव बरें करूं 🙏 मेस्त, पट्टी हलवायचं मला सुचलं नव्हतं असं नाही, पण वाटलं एकदाच खर्च करून कायमचा निकाल लावावा. आणि तेल थंड राहणं, दुप्पट किलोमीटर त्याचं काय? आणि चांगले हायड्रॉलिकचे होज घातले तर? ते जेसीबीला लावतात ते केवढं प्रेशर सोसतात, इंजिनच्या तेलाला प्रेशर असतं तरी किती.

होजवाला_वेर्णा
माझं रोजचं काम होज क्रिम्प करायचं (टोकं मशीनने दाबून बसवायचं), म्हणून थोडं लांब लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

प्रेशर हा प्रश्नच नाही. या इंजिनला गरम झाल्यावर आयडलला किमान १० पीएसआय (प्रेशरचं माप) आणि पूर्ण आरपीएमला ३० पीएसआय पाहिजे, रेग्युलेटर (जादा प्रेशर सोडणारा वाल्व) साठ-पासष्टच्या आसपास उघडतो. जेसीबीचा होज हजारोंच्या हिशेबात सोसतो. प्रश्न तापमानाचा आहे. बाजारात सहज मिळतो तो आर-वन आर-टू होज (साधा हायड्रॉलिकचा), तो १०० डिग्रीपर्यंतच धरलेला असतो. भरलेली गाडी घाट चढताना इंजिनचं तेल शंभराच्या पुढे जातं, टर्बोची धग वेगळी. महिनाभर काही होत नाही, वर्षभर काही होत नाही, मग रबर आतून कडक होतं, वाकवलं की कटकट वाजतं. आतलं अस्तर सुटलं की त्याची जीभ तयार होते, ती तेलाचा रस्ता अर्धा बंद करते, बाहेरून होज नवा कोरा दिसतो. आणि हे नीट ध्यानात घ्या, दोनपैकी एक होज फिल्टरच्या नंतरचा आहे. त्यातून सुटलेला रबराचा तुकडा थेट बेअरिंगला आणि टर्बोला जातो, मध्ये अडवायला कोणी नाही.

म्हणून लावायचाच तर १५० डिग्रीचा होज, टोकं क्रिम्प केलेली, जुबली क्लिप (स्क्रूने आवळायची पट्टी) अजिबात नाही, आट्यांना टेफ्लॉन टेप नाही (सुटलेला धागा कुठे जाणार ते वर सांगितलंच), टर्बोच्या बाजूने फायर स्लीव्ह, रबर लावलेल्या क्लिपा, आणि इंजिन हलेल एवढा झोल. कापल्यावर होजच्या आत काळी भुकटी राहते. मी हवा मारतो, मग स्पंजचा बोळा हवेनेच आरपार पाठवतो. पहिला बोळा कोळशासारखा निघतो, दुसरा राखाडी, तिसरा चौथा स्वच्छ आला की मगच टोक दाबतो. बरेच जण पहिला बोळासुद्धा पाठवत नाहीत, फूक मारून देतात, चहा प्यायला निघून जातात.

दुसरं, जाडी. बहुतेक लोक अर्ध्या इंचाचा होज घालतात कारण स्वस्त आणि सहज वाकतो. पाऊण इंचाऐवजी अर्धा इंच घातला तर त्याच लांबीत, तेवढ्याच तेलाला, अडथळा पाचपट होतो. माझ्या घरचं गणित नाही हे, नळीच्या व्यासाचा चौथा घात लागतो, दीडचा चौथा घात पाचच्या वर.

सतरा_नंबरचा_पाना
पाचपट झाला म्हणून काय बिघडलं, पंप ढकलेल ना जोर लावून?

होजवाला_वेर्णा
इथेच गंमत आहे. या इंजिनात फिल्टरचा बायपास वाल्व फिल्टरमध्ये नाही, इंजिनकडच्या हेडमध्ये आहे. फिल्टरच्या आधीचं प्रेशर आणि नंतरचं प्रेशर यात साधारण २० पीएसआयचा फरक पडला की तो उघडतो आणि तेल फिल्टरला वगळून सरळ पुढे जातं. फिल्टर चोंदला तर इंजिन कोरडं पडू नये म्हणून केलेली ती सोय. आता तुम्ही मध्ये दोन मीटर बारीक होज घातलात, तर होजचा अडथळा पण त्याच फरकात धरला जातो. वाल्वला काय कळतं होज काय आणि चोंदलेला फिल्टर काय. सकाळी १५डब्ल्यू४० तेल घट्ट असतं, ४० डिग्रीला शंभराच्या वर सेंटीस्टोक (घट्टपणाचं माप), १०० डिग्रीला तेच १४-१५ वर येतं. म्हणजे सकाळी सुरू केल्यावर बराच वेळ तेल तुमच्या त्या चकचकीत डबल फिल्टरकडे फिरकत पण नाही. मीटरवर प्रेशर छान दिसतंय, फिल्टर बाहेरून छान दिसतोय, आणि तेल न गाळताच फिरतंय.

मेस्त_तिस्क
हे मला पण माहीत नव्हतं. वीस वर्षं हे इंजिन खोलतोय. मान गए.

टिप्परवाला_साखळी
बाप रे. आता मला तो ब्लॉक बघूनच भीती वाटायला लागली 😅

डिझेलधूर
बरं बरं, जाड होज, चांगला होज, नीट बसवला तर चालतो हे तरी मान्य करा. माझा चालतोयच. एक मात्र मी पण सांगतो, इन आणि आऊट उलटे लावू नका. फिल्टरला तेल बाहेरच्या बारीक भोकांतून आत जातं आणि मधल्या आट्याच्या भोकातून बाहेर येतं. उलटं लावलं तर भोकांवरची रबराची झडप बंदच होते, तेल जातच नाही. मी पहिल्यांदा उलटंच लावलेलं. प्रेशरचा दिवा विझेना म्हणून पाच सेकंदात बंद केली म्हणून वाचलो. आठ वर्षांत हे कुणाला सांगितलं नव्हतं.

मेस्त_तिस्क
आणि वर म्हणतो लोक उगाच घाबरवतात 😂

लालमाती
धागा वाचून राहवलं नाही. माझ्या दोन दहाचाकी आहेत, एक रिवणच्या बाजूला लागलेली असायची.

दुप्पट किलोमीटरचं सगळेच विसरले म्हणून ते आधी. तुझ्या इंजिनात बादलीभर, म्हणजे १५ लिटर धरू. दोन मोठे फिल्टर आणि होज मिळून तीन लिटर वाढले असं समज. १५ चे १८ झाले, पाचवा भाग वाढला. त्यात दुप्पट कुठून आलं? तेल फक्त मळतं म्हणून बदलत नाहीत, त्यातली रसायनं संपतात, काजळी साठते, आणि काजळी एवढी बारीक असते की साधा फिल्टर तिला अडवतच नाही. थंडाव्याचं म्हणशील तर या इंजिनाला पाण्यावर चालणारा ऑईल कूलर कंपनीनेच दिलाय, चासीवरच्या डब्याला लागणाऱ्या वाऱ्याने त्यात काय भर पडणार, त्यात आपल्याकडचा वारा, एप्रिलमध्ये उसगावच्या रस्त्यावर.

तेल खरंच जास्त साफ ठेवायचं असेल तर ती वेगळी वस्तू, बायपास फिल्टर. तो मुख्य वाटेत बसत नाही. प्रेशरच्या एखाद्या पोर्टवरून बारीक नळी काढतात, जेमतेम दीड मिलिमीटरच्या भोकातून थोडंच तेल त्यात जातं, दोन-तीन मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) गाळून परत चेंबरमध्ये पडतं. मुख्य फिल्टर आहे तिथेच राहतो. बेअरिंगला खाणारे कण साधारण ५ ते २० मायक्रॉनचे, त्यातले बरेच मुख्य फिल्टरमधून निसटतात, ते हा पकडतो. याची पण नळी फुटू शकते पण बारीक भोकामुळे तेल हळू जातं, थांबायला वेळ मिळतो. माझ्या एका गाडीला आहे. तरी मी म्हणेन तू सध्या तो पण लावू नकोस.

कारण आपल्याकडे इंजिन मरतं ते वरून येणाऱ्या धुळीने. मी एकदा तेल तपासायला पाठवलेलं तर सिलिकॉन (म्हणजे धूळमाती) वाढलेलं, सोबत लोखंड पण. एअर फिल्टर नवा होता, मग धूळ येते कुठून? शेवटी एअर क्लीनर ते टर्बो जाणारा रबरी पाईप काढला, पांढरं फडकं बोटाला गुंडाळून आतून फिरवलं. फडकं लाल. पाईपला खालच्या बाजूला, जिथे नजर जात नाही तिथे, नखाएवढी चीर. टर्बो त्या चिरेतून वर्षभर खाणीची धूळ ओढत होता आणि मी तेल बदलतोय, फिल्टर बदलतोय, सगळ्यात महागाचं तेल घालतोय. तुझी गाडी इतकी वर्षं काजूखाली उभी होती, रबर कधीचं आहे कुणास ठाऊक. आधी फडकं फिरव. त्याला खर्च शून्य.

सतरा_नंबरचा_पाना
हात न जाणाऱ्या फिल्टरला माझी युक्ती, मेस्त ओरडू नका. गाडी जरा कोमट करून बंद करायची, अर्धा तास सोडायची. दुधाची जाड पिशवी, मोठी मिळाली तर उत्तम, फिल्टरवर खालून मोज्यासारखी चढवायची आणि पिशवीच्या आतच फिल्टर फिरवून काढायचा, तेल पिशवीत. आणि पट्ट्याऐवजी बुडाला बसणारा टोपीचा पाना घ्या, त्याला एक्स्टेन्शन लावून खालून फिरवता येतो, बाजूला जागा लागतच नाही. खिळा ठोकून फिल्टर आधी रिकामा करणारे पण आहेत पण तिथे टर्बो आहे, तेल उडतं, मी नाही करत.

मेस्त_तिस्क
ओरडत नाही, बरोबर आहे. फक्त दोन गोष्टी जोडतो. एक, काढल्यावर जुना गास्केट फिल्टरबरोबर आला का ते बघायचंच, पुष्कळदा तो वर चिकटून राहतो आणि त्याच्यावरच नवा बसतो, दोन गास्केट एकावर एक, मग सुरू केल्यावर जो फवारा येतो तो मी छतापर्यंत गेलेला पाहिलाय. बोट फिरवायचं वर, डोळ्याने दिसत नसलं तरी बोटाला कळतं. दोन, नवा फिल्टर स्वच्छ तेलाने भरून लावायचा, टर्बोची तेलाची नळी फिल्टरच्या हेडवरूनच निघते, कोरडा लावला तर पहिली काही सेकंदं टर्बो उपाशी फिरतो. आणि तुझ्या रिमोटमध्ये तर होज पण भरावे लागले असते, फिल्टर इंजिनपेक्षा वर बसला असता तर रोज रात्री खाली रिकामा झाला असता ते वेगळंच.

टिप्परवाला_साखळी
मंडळी, बारा दिवसांनी येतोय. मध्ये दोन दिवस पाऊस, लाईट नव्हती, मग चतुर्थीची माटोळी (गणपतीच्या वर बांधतात ती फळापानांची आरास), घरात कोण गाडीखाली जाऊ देतंय.

ब्लॉक बसवला नाही. आधी ती पट्टी बघितली. ती कसली पट्टी निघाली सांगू, जुन्या हॉर्नची! हॉर्न केव्हाच गेला, पट्टी राहिली, आणि तिला वायरी बांधत बांधत पुढच्या तीन मेस्तनी आपापली भर घातली. पट्टी काढली, वायरी चासीच्या कडेने नेल्या, अर्ध्या दिवसाचं काम. टोपीचा पाना म्हापशाहून आणला. पिशवी चढवून फिल्टर काढला, खाली मोजून चार थेंब. वर बोट फिरवलं तर मेस्त, गास्केट वरच चिकटलेलं होतं. काळं, फिल्टरच्या हेडच्याच रंगाचं, दिसलं तर नसतंच. नवा फिल्टर तेल भरून हाताने घट्ट केला, वर पाऊण फेरा, सुरू केल्यावर दिवा लगेच गेला.

लालमाती दादा, तुमचं फडकं पण फिरवलं. चीर नाही, पण टर्बोकडच्या टोकाचा क्लिप ढिला होता, आणि फडकं लाल म्हणजे कुंकवासारखं लाल. बाबा बाजूला उभे होते, त्यांनी फडकं हातात घेतलं, बोटात चुरगाळलं आणि म्हणाले ही साखळीची माती नव्हे, ही आपण खाणीवर होतो तेव्हाची. मला तर माती सगळी सारखीच दिसते. पाईप आणि दोन्ही क्लिप नवीन टाकले.

लालमाती
बाबांना नमस्कार सांग. पुढच्या बदलाच्या वेळी फडकं परत फिरव.

डिझेलधूर
मग तो हेड आणि ब्लॉक पडून आहे का? जीपला एक जादा ठेवीन म्हणतो.

टिप्परवाला_साखळी
आहे. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला येणार आहे, तिथे घे. जेवढ्याला घेतला तेवढेच दे. आणि तुझे होज आठ वर्षांचे झाले ना, येताना ते पण जरा वाकवून बघ कटकट वाजतात का.

डिझेलधूर
आत्ताच बघून आलो.
वाजतात.
होजवाले दादा, वेर्ण्याला दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं?